दिवाणाखालच्या पट्ट्या
लॅमिनेट फ्लोअरिंगच्या नव्या पट्ट्यांचा वास आला, की वीसेक वर्षांपूर्वीचं कॅम्प तीनच्या सिंधी बाजारातलं दुकान आठवतं. दुसऱ्या दिवशी आमचा गृहप्रवेश होता आणि शिरगावच्या नव्या घराच्या हॉलला पट्ट्यांचा एक बॉक्स कमी पडला होता. दुकानदाराने दिलेल्या बॉक्सवर बॅच नंबर वेगळा होता, म्हणून रंग जुळतो का बघायला घरून नेलेला तुकडा मी बाहेर उन्हात नव्या पट्टीशेजारी धरला. नवी पट्टी लालसर होती. “साईं, चार दिन पैर पडेंगे, सब एक हो जाएगा,” तो हसला. मला ते हसणंच खोटं वाटलं. पण पाहुणे यायचे होते. शेवटी त्या पट्ट्या दिवाणाच्या जागी बसवल्या. अजूनही दर दिवाळीला मी दिवाण सरकवून बघतो, रंग तसाच. “फसवलंच त्याने,” मी म्हणतो. बायको म्हणते, “अहो, पण दिवाणाखाली पाय कुणाचे पडणार?”