तक्रार नसलेला भाऊ

पोट दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हे दादाला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तीस वर्षं तो भिंगं घासत होता आणि चौकटीत बसवत होता. हाताशी येईल ते आणि मिळेल तेव्हा खायचा. पोटाची दुखणी सगळी धाकट्या भावाच्या वाट्याला आली होती. धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि कुठल्याही नव्या जागी गेला की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचा. वर्षातून एकदा तरी रक्त पडू लागलं की तो इस्पितळात भरती व्हायचा. मग दादा दुपारची सुट्टी टाकून त्याच्या उशाशी जाऊन बसायचा.

अशाच एका दुपारी एक सिस्टर कागदांची चळत घेऊन आली. आतड्याच्या सुजेवर त्या वॉर्डात अभ्यास चालला होता. रोग्यांची माहिती जमली होती. आता तुलनेला त्यांची सख्खी, धडधाकट भावंडं हवी होती.

"तुम्हाला पोटाची काही तक्रार?" तिनं दादाला विचारलं.

"छे! कधीच नाही."

"लिहून टाका, सिस्टर," धाकटा पलंगावरून म्हणाला. "आमच्या घरातलं सगळं आरोग्य यानं एकट्यानं गिळलंय."

भावासाठी एवढं तर करायलाच हवं, म्हणून दादानं सही केली. तपासणीसाठी शौचाचा नमुना आणायचा होता. नमुन्याची डबी त्यानं दुकानाच्या पिशवीत घातली. बसमध्ये नेमकं एक जुनं गिऱ्हाईक शेजारी येऊन बसलं. "कुणाचा चष्मा पोचवताय?" त्यानं विचारलं. "भावाचा," दादा म्हणाला, आणि पुढचे तीन थांबे पिशवी छातीशी धरून खिडकीबाहेर बघत राहिला.

चार दिवसांनी बोलावणं आलं. नमुन्यात सुजेची खूण जास्त निघाली होती. दुर्बिणीनं आतडं बघावं लागणार होतं. तेही झालं. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला पडद्यासमोर बसवलं. गुलाबी, ओलसर भिंतीवर पांढुरके ठिपके दिसत होते.

"फारच खराब झालंय हो धाकट्याचं," दादा हळहळला.

"हे तुमचं आहे," बाई म्हणाल्या. "हे छोटे व्रण आहेत. सध्या तुमच्या भावापेक्षा थोडे जास्तच."

दादानं आपल्या पोटाकडे पाहिलं. शर्टाची बटणं नेहमीसारखीच ताणलेली होती.

"म्हणजे मी आजारी आहे?"

"तसं म्हणता येणार नाही. तुम्हाला त्रास कुठे आहे?"

"मग बरा आहे?"

"तसंही म्हणता येणार नाही." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरं सांगते, काहींना पुढे त्रास होतो, काहींना होत नाही. कुणाला होणार, हे आम्हालाच कळलेलं नाही. म्हणून तर अभ्यास. आत्ता औषध नको. सहा महिन्यांनी या."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "दुखतंय का?"

"नाही."

"मग जेवा की!"

पण दादाला जेववेना. प्रत्येक घास तो आत उतरताना ऐकू लागला. पोट जरा गुरगुरलं की हातातलं भिंग खाली ठेवून थांबायचा: हेच ते का? तिखट सोडलं, मग दूध सोडलं, मग गव्हाचं सोडलं. महिन्याभरात वजन उतरलं, आणि वजन उतरणं हे तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं रोगाचंच लक्षण, म्हणून तो आणखी घाबरला. "पोटात काही गेलं नाही तर वजन उतरणार नाही तर काय?" बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण डॉक्टरीणबाईंचंही खोटं नव्हतं.

शेवटी तो धाकट्याकडे गेला. धाकटा तोवर घरी परतला होता, रंगही बरा आला होता. "तुला सुरुवातीला कसं वाटायचं रे?" दादानं विचारलं, आणि व्रणांची गोष्ट सांगितली.

धाकटा हसेल असं वाटलं होतं. पण त्यानं विचारलं, "माझ्यापेक्षा जास्त?"

"थोडे."

"आणि काहीच होत नाही तुला?"

"काही नाही."

"बावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, दादा, की आत व्रण आहेत म्हणून दुखतं. मुख्याध्यापकांना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं. आता तुझे बघून लोक काय म्हणतील? माझं दुखणं नाटक होतं?" त्याचा आवाज चढला होता. "की होतंच ते नाटक? मलाच कळेनासं झालंय."

"तू पोट धरून लोळायचास ते मी बघितलंय ना," दादा म्हणाला. धाकट्यानं मान हलवली. पटल्यासारखी की नुसतीच, ते दादाला समजलं नाही. बायकोनं फोन करून घरी बोलावलं तेव्हा दादा उठला.

सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. व्रण होते तसेच होते. त्याचं नाव धडधाकटांच्या यादीतून काढलं होतं, पण रोग्यांच्या यादीत घातलं नव्हतं. सिस्टरनं तिसरीच वही उघडली. त्यात त्याच्यासकट अकरा जण होते.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. हातात दादाला मिळाला होता तसाच कागद. तिची बहीण त्याच वॉर्डात होती.

"तिसरी वही?" दादानं विचारलं.

तिनं मान डोलावली. "तुम्हाला काय होतं?"

"काहीच नाही. तुम्हाला?"

"मलाही काहीच नाही." ती जरा पुढे झुकली. "कधीकधी रात्री डावीकडे जरासं..."

"मलाही!" दादा म्हणाला. "पण मी ऐकतो म्हणून की काय कोण जाणे."

"तेच तर!"

मग बाईनं पिशवीतून पावाचा डबा काढला, उघडला आणि दादापुढे धरला. त्यानं गव्हाचा की कसला ते विचारलं नाही. एक तुकडा घेतला आणि सावकाश चावू लागला.