खंडेनवमीची ट्रॉली

नर्स पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन आला की मला कळतं, नव्या मुली भरती झाल्या. "मॅडम, ओरिएंटेशनचा पुरेपूर फायदा कसा करून घ्यायचा तेवढं सांगा ना त्यांना. तुमच्याइतके वॉर्ड कुणी बघितले नाहीत." मग मी तासभर बोलते. पहिल्या दिवशी काय विचारायचं, कुणाशी गोड बोलायचं, कुठली कपाटं उघडून बघायची. मुली भराभरा लिहून घेतात. कोल्हापूरचं मात्र मी कुणालाच सांगत नाही.

मी फिरती नर्स. तीन महिने या गावात, तीन महिने त्या. मूळची नाशिककडची. आई गेल्यावर घरी कुणी उरलं नाही, आणि एका जागी राहिलं की माणसं चिकटतात; ते मला नको होतं. दर तीन महिन्यांनी नवा वॉर्ड, नव्या सिस्टर आणि वॉर्डाची ओळख करून देणारं एकदोन दिवसांचं ओरिएंटेशन. त्या एकदोन दिवसांचा मला भारी माज होता. इतर जणी चहा कुठे मिळतो ते विचारायच्या, मी वही काढायचे. पेशंटचं हृदय बंद पडलं तर लागणारं सगळं ज्या चाकाच्या गाडीत ठेवलेलं असतं, त्या ट्रॉलीचं चित्र मी आधी काढायचे. कुठल्या खणात काय, ते लिहायचे आणि रात्री झोपताना पाठ करायचे. हात डोळे मिटूनसुद्धा बरोबर खणावर गेला पाहिजे, असं मी सगळ्यांना ऐकवायचे.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत खोली घेतली आणि एका खासगी हॉस्पिटलात हृदयरोगाच्या वॉर्डात रुजू झाले. तिथली इन्चार्ज सिस्टर रोज कोडोलीहून एसटीनं यायची. आवाज असा की लिफ्टमध्ये असली तरी वॉर्डात कळायचं. तिनं मला सगळं दाखवलं आणि माझी वही बघून हसली. "पावणं लई शिकल्यालं दिसतंय," म्हणाली. तेव्हापासून मी सगळ्या वॉर्डाची पावणं झाले. मला ते आवडलं नव्हतं.

ट्रॉलीला पाच खण. दुसऱ्या खणात ॲड्रेनलिन, हृदय पुन्हा सुरू करायचं औषध. मी लिहिलं, पाठ केलं.

महिना झाला असेल, दसरा आला. दोन दिवस आधी इन्चार्ज म्हणाली, "उद्याच्याला खंडेनवमी, तुमची सुट्टी. पर तासभर या की. ट्रॉली धुवायची हाय, पूजा करायची हाय."

"मला नाही जमणार," मी म्हणाले. "पूजेला काय करायचंय मी?"

"पूजेचं सोडा. आमी समदं बाहेर काढतो, पुसतो, परत लावतो. हाताखालनं गेल्याबिगर ट्रॉली कळत न्हाय."

"मला कळलीय ती," मी वही वर करून दाखवली. ती तिच्या कामाला लागली. खंडेनवमीला मी खोलीवर कपडे धुतले आणि दुपारभर झोपले. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं चांगलं ओरिएंटेशन देऊ केलं नव्हतं, आणि मी कपडे धुतले.

दसऱ्याला दोन वाजता ड्युटीवर आले तर बीपीच्या मशीनपासून सलाइनच्या स्टँडपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. ट्रॉलीला झेंडूचा हार आडवा बांधलेला, खणांवरून गेलेला. दर ड्युटीला ट्रॉली उघडून, सामान बघून रजिस्टरात सही करायची असते. मी हार बघितला. कालच तर लावलीय, म्हटलं, कशाला विस्कटायचं? सही केली. धुताना खणांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि नव्या लावायच्या राहिल्या होत्या, तेही मला दिसलं. त्यांना कुणाला गरज नव्हती. सगळ्यांनी मिळूनच सामान लावलं होतं.

सहा नंबरच्या कॉटवर राधानगरीकडचे एक काका होते. चार दिवसांपूर्वी झटका येऊन आले होते, आता उठून बसत होते. दोन दिवसांत घरी जाणार होते. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या ताई, सोन्यासारखं ऱ्हावा." मी पान घेतलं आणि वहीत ठेवलं. पायथ्याशी त्यांची बायको बसली होती. म्हशीची धार धाकटी सून काढते का मोठी, यावरून दोघांचं चाललं होतं.

चारच्या सुमाराला ते बोलता बोलता थांबले. मान कलली. मॉनिटरवरची रेघ बिघडलेली मला लांबूनच दिसली. वॉर्डातल्या ब्रदरनं उडी मारूनच छाती दाबायला सुरुवात केली. डॉक्टर धावत आले, "ॲड्रेनलिन." मी हार तोडला आणि दुसरा खण ओढला. आत नळ्या आणि मास्क.

मी तो खण बंद केला. आणि तोच पुन्हा उघडला. हे मला अजून समजत नाही. समोर नळ्या दिसत होत्या, पण माझ्या वहीत दुसऱ्या खणात औषध होतं, म्हणून मी तोच खण पुन्हा उघडला. मग तिसरा. मग चौथा. ब्रदर छाती दाबता दाबता ओरडला, "वरचा! सिस्टर, वरचा खण!" काल सामान परत लावताना त्यानंच औषध तिथं ठेवलं होतं.

मी औषध भरलं, दिलं. पाऊण तास सगळे झटत होते. पायाखाली झेंडूच्या पाकळ्या तुडवल्या गेल्या होत्या. काका गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय फारच खराब होतं, मिनिटभरानं काही फरक पडला नसता. पडला नसता की पडला असता, हे कुणालाच कधी सांगता येणार नाही, आणि हेच मला खातं. दुसऱ्या दिवशी इन्चार्ज आली. मी शिव्या खायच्या तयारीत उभी होते. तिनं नुसती चिकटपट्टी काढली, चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेका खणावर लावल्या. "चिठ्ठ्या ऱ्हायल्या, माझी बी चूक हाय," एवढंच बोलली. तिनं झाडलं असतं तर मी रडले तरी असते. त्यानंतर तिनं मला कधी पावणं म्हटलं नाही.

पंधरावीस दिवसांनी काकांची बायको हॉस्पिटलातले कागद न्यायला आली. मला बघून थेट माझ्याकडेच आली. पाठीमागे मुलगा होता, त्याला तिनं हातानंच लांब थांबवलं.

"ताई, येक इचारू? त्या दिवशी तुमी खणात काय हुडकत हुतासा?"

तिनं सगळं बघितलं होतं. मी एक खण दोनदा उघडला तेही बघितलं असणार.

"औषध," मी म्हणाले.

"घावलं?"

"हो. सापडलं."

"येळेत?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. "हो," म्हणाले.

तिनं मोठा श्वास सोडला. "तेवढंच जिवाला लागून ऱ्हायलं हुतं बगा. पोरगं म्हणतंय, नर्सनं येळ लावला. मी म्हणलं, न्हाय, ती बाई लई धडपडत हुती." मग तिनं माझा हात धरला, तोच, खण उघडणारा. "देव तुमचं भलं करंल."

तिला दारापर्यंत सोडायलासुद्धा मी गेले नाही.