राख अजून आहे

मी परदेशात एका विमानतळावर इंजिनं तपासायचो. वडिलांचा वलगावात भाजीचा मळा. वांग्यावर मावा पडला की ते चुलीची राख चाळून पानांवर धुरळायचे. म्हणून, ज्वालामुखीची राख आभाळात आहे, विमानं बंद आहेत, येता येत नाही, असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आजारी वडिलांना बघायला अकोल्याहून आलेला मामा हसला. राखेनं मावा मरते भाऊजी, इमान कसं मरन, म्हणाला.

वडिलांनी मला नीट सांगायला लावलं. ही चुलीतली राख नव्हे, दगडाचा अन् काचेचा भुगा. इंजिनाच्या आगीत वितळतो, पुढं पात्यांवर थिजतो, हवेच्या वाटा बुजतात, इंजिन हवेतच बंद पडू शकतं. ते मामाला म्हणाले, पोरगा त्याच कामावर आहे, त्याले नाही समजन तं कोनाले?

तोवर ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी वारा फिरला. मुंबईला जाणाऱ्या विमानाची इंजिनं मीच पाहिली. बारीक नळीचा कॅमेरा आत घालून एकेक पातं तपासलं. स्वच्छ. उडायला हरकत नाही म्हणून सही केली. त्याच विमानात माझी जागा होती. मी बसलो नाही. घरी कळवलं, राख अजून आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील गेले. एकुलता एक मी. अग्नी चुलतभावानं दिला.

हे आईला सांगायला मला इतकी वर्षं लागली. ती ओसरीत मेथी निवडत होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. विमानं सुरू झाल्याचं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा तिनं टीव्ही बंद केला होता. वडील तिला सारखे विचारायचे, राख बसली का. ती नाही म्हणायची.

"तुहं खोटं मी माह्या तोंडानं बोलली, मरत्या मानसापाशी. काहून नाही आला?"

फोनवर वडिलांचा श्वास वाक्यात दोनदा अडकायचा. तो समोर बसून ऐकायची माझी छाती नव्हती.

"भ्यालो, माय."

"भ्याली तं मीबी होती. मी कुठी जाऊ?"

ती मेथी घेऊन आत गेली. त्या दिवशी तिनं मला वाढलं नाही. मी हातानं वाढून घेतलं.