साडीच्या मोराला सीटबेल्ट

आमची नवी गाडी पाच जणांची आहे. पहिल्याच प्रवासाला तिच्यात आम्ही तिघंजण मावलो नाही.

यात गाडीचा काही दोष नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. गाडी अभ्यास करून घेतली होती. चार महिने मी लांबी, रुंदी, डिकी, मायलेज यांची वही केली होती. बाहेरून छोटी, आतून ऐसपैस. (हे वाक्य मी एवढ्या लोकांना ऐकवलं की आमच्या सोसायटीचा वॉचमनही ते म्हणू लागला.) शोरूमवाल्यानं किल्ली हातात देताना काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर मी त्याला थांबवलं. म्हटलं, "मला काय सांगता? अठ्ठावीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये आहे. शंभर दिवे लुकलुकतात समोर. कुठला काय म्हणतो ते झोपेत सांगीन."

गाडीचं सगळ्यात आवडतं फीचर म्हणजे ती किल्ली. खिशात नुसती असू द्यायची, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं, की गाडी चालू. निफाडला माझ्या मेहुण्याला, दत्तूभाऊला, मी फोनवर म्हणालो होतो, "किल्लीला हातसुद्धा लावावा लागत नाही." त्यावर तो म्हणाला, "दाजी, ते असू द्या. एवढ्याशा गाडीत आमची अश्विनी पैठणी नेसून बसंल का?"

अश्विनी त्याची एकुलती एक लेक. रविवारी तिचा साखरपुडा होता. मळ्यातल्या घरापासून लॉन्सपर्यंत तिला न्यायला दत्तूभाऊची मोठी काळी गाडी ठरली होती. पण पोरीनं बापाला स्पष्ट सांगितलं, "मी मामांच्या नव्या गाडीतच जाणार." मला इतका आनंद झाला की मी दत्तूभाऊला म्हणालो, तुमची गाडी व्याह्यांना आणायला पाठवून द्या, इकडे लागायची नाही. तो ऐकेना, पण शेवटी पाठवली.

रविवारी सकाळी सामान भरायला घेतलं. माझी बायको सुलभा मुलीची आत्या, म्हणून मान मोठा आणि टोपल्याही मोठ्या. फळांच्या टोपल्या डिकीत गेल्या. मिठाईचे खोके मागच्या सीटवर गेले. राहिली ती साडी. सुलभानं दोन दिवस खपून त्या साडीचा मोर केला होता, पिसारा फुलवलेला. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, त्याला दाबायचं नाही, वाकवायचं नाही. मोर आईच्या जागेवर बसला.

"अहो, आई कुठे बसणार?" सुलभानं विचारलं.

"मोर मांडीवर घेतला तर?" मी म्हणालो.

"पिसारा मोडेल."

आई दारात तयार होऊन उभी होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. ती म्हणाली, "जा रे तुम्ही. मी पुढच्या खेपेला बसेन. आधी पूजा करून घेऊ." आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच मला वाईट वाटलं. पण उशीर होत होता. मी मोराला सीटबेल्ट लावला.

पूजा आईनं साग्रसंगीत केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मी किल्ली तिच्या ताटात ठेवली. तिनं विचारलं, "दुसरी कुठाय?" म्हटलं, दुसरी कशाला? तर म्हणे, "जोडीनं पूजतात." मी ड्रॉवरमधून दुसरीही आणून दिली. मग खिडकीतून ताट आत घेऊन तिनं स्टिअरिंगला कुंकू लावलं आणि म्हणाली, "कर चालू." मी बटण दाबलं. गाडी चालू. लिंबं चिरडली. आई ताट घेऊन घरात गेली आणि आम्ही ऐटीत निघालो.

कोपऱ्यावर गाडी टुंग टुंग करू लागली.

"काहीतरी वाजतंय," सुलभा म्हणाली.

"मोराचा बेल्ट नीट लागला नसेल."

तिनं मागे वळून पाहिलं. मोर व्यवस्थित होता. समोरच्या पडद्यावर किल्लीचं चित्र होतं आणि त्यावर आडवी रेघ. मी हसून म्हणालो, "बघ, गाडी स्वतः सांगतेय की किल्लीची गरज नाही."

सुलभा म्हणाली, "कंट्रोल रूममध्ये पण असंच करता का तुम्ही?" मी गाणी लावली.

द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी. अशा वेळी मी इंजिन बंद करतो, पेट्रोल वाचतं. पण त्या दिवशी सुलभाला एसीचा गारवा दाखवायचा होता, म्हणून चालू ठेवलं. तिथे बंद केलं असतं तर अख्ख्या नाशिकनं मला ओळखलं असतं.

मळ्यात पोचलो. मांडवाखाली सगळे जमले होते. मी गाडी बंद केली, चारही काचा आधीच खाली घेतल्या होत्या, दारं उघडली, डिकी उघडली, सीट पुढेमागे करून दाखवल्या. दत्तूभाऊ आत डोकावून म्हणाला, "जागा हाय बरं का दाजी. मी उगीच बोललो." आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं काही मान्य केलं होतं. सुलभानं मोर काढून घेतला. अश्विनी पैठणी सावरत आत बसली. मी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तेच चित्र, तीच आडवी रेघ. आणि त्या क्षणी मला घरातलं ताट दिसलं.

आईला फोन लावला. "आई, किल्ल्या कुठे आहेत?"

"देवापाशी. दोन्ही. का रे?"

इकडे मुहूर्ताला पाऊण तास उरलेला. मोठी गाडी मीच पाठवायला लावलेली. दारात उरली होती ती द्राक्षाचे क्रेट वाहायची पिकअप. दत्तूभाऊनं उपरण्यानं पिकअपची सीट पुसली. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. अश्विनी पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली, मोर तिच्या मांडीवर, टोपल्या मागे. जाताना मला म्हणाली, "मामा, येताना मात्र मी तुमच्याच गाडीत येणार." मला रडूच यायचं बाकी होतं.

गाडीच्या काचा खाली, लॉक होईना, वर घेता येईनात. म्हणून मी तिच्या राखणीला बसलो. शेजारच्या मळ्यातले म्हातारबा काठी टेकत आले.

"पाव्हणं, साखरपुड्याला नाय गेले?"

"गाडीपाशी कुणीतरी पाहिजे ना."

"मग जरा चालू करून दावा की."

मी त्यांना बाटली ठेवायची जागा दाखवली. किल्लीशिवाय चालणारं तेवढंच एक फीचर होतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

दीड तासानं मळ्याच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आतून आई उतरली. द्वारकेपर्यंत रिक्षा, पुढे एसटी, पुन्हा रिक्षा. सरळ येऊन मोराच्या नव्हे, पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "दाब आता."

गाडी एका दाबात चालू झाली.

"शहाणी आहे हो," आई डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाली. "मी बसल्याशिवाय हलली नाही."

किल्ल्या तिच्या पदराच्या गाठीत होत्या, कुंकवासकट. मी मागायला हात पुढे केला, तर म्हणाली, "हात लावावा लागत नाही म्हणालास ना? मग राहू दे."

लॉन्सवर पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, पण पंगती बसायच्या होत्या. परतताना अश्विनी कबूल केल्याप्रमाणे आमच्याच गाडीत बसली, सुलभाही बसली, दत्तूभाऊही अंग चोरून बसला. मी, आई धरून पाच. आरामात मावलो.

परवा सोसायटीत एकानं खिडकीशी वाकून विचारलं, "काय, गाडी कशी आहे?"

मी म्हणालो, "एक नंबर. बटण दाबलं की चालू."

"आधी मला बसवावं लागतं," आई पुढच्या सीटवरून म्हणाली.

मी लगेच मान डोलावली. आम्हाला निघायचं होतं, आणि किल्ल्या तिच्याकडे होत्या.