मुलींना बाहेर पाठवा

शाळाशाळांतून, मंडळांतून जाऊन पोरापोरींना एड्सबद्दल सांगायचं, हे आमचं काम. तासाला काय सांगितलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पण कुणी काय कारण काढून मुलींना उठवलं, ते मात्र माझ्या डोक्यात साठत जातं. आता जागा उरली नाही, म्हणून थोडं इथे ओतते.

*

दादरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. "आमची मुलं चांगल्या घरांतली आहेत हो. तुमची खरी गरज लालबागला!"

लालबागला गेलो. मंडळाचे अध्यक्ष कॅरमवरून मान वर न करता म्हणाले, "ताई, ही शिवाजी पार्कच्या फ्लॅटवाल्यांची थेरं. आमची गिरणी गेली, नोकरी गेली, आता हेच राहिलंय काय?"

म्हणजे रोग बिचारा परळच्या पुलावर राहत असावा!

*

गिरगावातल्या शाळेत बाईंनी आमचे तक्ते आधी तपासले. कंबरेखाली सगळीकडे खाकी कागद चिकटवला. "आता दाखवा." मग मुलींना शिवणाच्या वर्गात पाठवलं. मुलं तासभर तो कागद कसा निघेल याच विचारात!

"मुली का नाहीत, बाई?"

"अहो, त्यांना कळलं तर त्या विचारतील ना!"

*

कोळीवाड्यात सोपं जाईल वाटलं. मासळीवाल्या मावश्या मोकळ्या. निरोधचं पाकीट हातोहात फिरलं, हशा पिकला. एक मावशी म्हणाली, "पोरगा बाहेरगावी निंगाला का मीच टाकीन त्याचे खिशान!"

मी खूश. "आणि पोरी कुठायत?"

"त्या गेल्यान सुकी मासली पलटाला. त्यांना कशाला गो हे?"

*

घरीही तेच. माझं लग्न नुकतंच झालंय. हळदीकुंकवाला सासूबाई ओळख करून देतात, "ही आमची सून, टीबीच्या खात्यात असते." टीबी अब्रूदार!

धाकटी नणंद दहावीत आहे. तिने मला काही विचारायला तोंड उघडलं, की तिला कोथिंबीर आणायला पिटाळतात. आमच्याकडे हल्ली रोज कोथिंबिरीच्या वड्या असतात.

*

काळाचौकीच्या एका टायपिंग क्लासात मात्र मुलींना बसू दिलं. सगळं ऐकलं त्यांनी. पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या शोभाची आई ऑफिसात येऊन थडकली. "तुम्ही माझ्या चेडवाक, माझ्या शोभाक काय शिकयलास?"

मी हबकलेच. त्यांनी सांगितलं ते असं.

शोभाला अठरा पुरी झाली आणि लगेच बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत. कांदेपोहे आले. मुलाचे मामा रीतीप्रमाणे शोभाला म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार हो." विचार म्हणतात, पण विचारायचं नसतं!

शोभाने विचारलं, "लग्नाआधी रक्त तपासून घ्याल का? एचआयव्हीसाठी. मी पण घेते."

मुलाची आई ताडकन म्हणाली, "आमच्या घराण्यावर संशय?" मामा म्हणाले, "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" मुलगा बशीतल्या पोह्यांकडे बघत बसला. मग सगळे शोभाच्या बाबांकडे बघायला लागले. संपात गिरणी गेली तेव्हापासून घरी बसलेला, शीघ्रकोपी माणूस. आता हा पोरीवर हात उचलणार, म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आईने डोळे मिटले.

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली.

"गो, च्या टाकू नको. पावणे निघाले."