मागचे दोन डबे

आमचा टीव्ही आधी मधल्या खोलीत होता. संध्याकाळी मी आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, तिथे बसून भाजी निवडत मालिका बघायचो. त्या वेळी सासरे बाहेर बैठकीत माणसांत असायचे आणि नवरा वारंगा फाट्यावर त्याच्या टायरच्या दुकानात. डोंगरकडा गावातल्या त्या घरात दिवसातला तेवढाच एक तास आमचा होता. त्या तासात आत्याबाई सासू नसायच्या. मालिकेतल्या सासवांना माझ्याहून जास्त शिव्या त्याच घालायच्या.

मग नवऱ्याच्या डोक्यात होम थिएटर शिरलं. नांदेडच्या एका मित्राकडे त्याने ते ऐकलं आणि घरी येऊन एकच धोशा लावला, की गडगडाट झाला तर अख्खं घर हललं पाहिजे. स्पीकरचे पाच लहान डबे आले, छातीत दणका देणारा एक मोठा डबा आला. आता एवढा थाट मधल्या खोलीत कोण बघणार? टीव्ही उचलून बैठकीत गेला. बैठक पुरुषांची. आम्ही तिथे चहाचा ट्रे ठेवायचा आणि पाठ न दाखवता परत फिरायचं.

मी भांडले. "टीव्ही तिकडं नेला, मंग आमी कुठं बसावं?"

"काहून चिडून राहिली?" तो हसला. "दोन डबे सैपाकघरात लावून देतो. तुमी भाकरी करता करता ऐका."

मी खूश झाले, याची आजही चीड येते. कुणीतरी आपला विचार केला, एवढ्यावर विरघळायची सवयच लागली होती. खोक्यातली वायर बैठकीपुरतीच होती, म्हणून फाट्यावरून लाल-काळ्या वायरीचं मोठं भेंडोळं आणलं. बैठकीच्या भिंतीला भोक पाडून वायर मधल्या खोलीत घेतली, तिथून देवघराच्या वरून वळवली, आणखी एक भोक पाडून सैपाकघरात आणली. मी स्टूल धरलं, क्लिपा दिल्या, विटेचा भुगा डोळ्यांत घेतला. मध्ये वायर कमी पडली तिथे जोड देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळली. एक डबा मांडणीवर बसला, दुसरा पिठाच्या कोठीवर. आत्याबाईंनी दोन्हींना हळदकुंकू लावलं.

पहिल्या संध्याकाळी सिनेमा लागला. आम्ही दोघी तव्यासमोर कान टवकारून बसलो. आमच्या डब्यांतून घोडे दौडले, दार आपटलं, कुठल्यातरी बाजारातला गलका झाला. बोलणं मात्र एक अक्षर नाही. मला वाटलं जोड सुटला असणार. नवरा चहाचा कप ठेवायला आत आला तेव्हा त्याला सांगितलं.

"ते तसंच असते," तो म्हणाला. "बोलणं समोरच्या मधल्या डब्यातून येते. हे मांगचे हायेत, यातून निस्ता आजूबाजूचा आवाज."

त्याला हे आधीच माहीत होतं. हे डबे बैठकीत, बसणाऱ्यांच्या पाठीमागे लावायचे असतात, तेही माहीत होतं. पण डोक्यामागे कुणी कुजबुजल्यासारखं वाटतं म्हणून सासऱ्यांनी ते तिथे लावू दिले नव्हते. म्हणजे बैठकीला नकोसे झालेले डबे आमच्या पदरात टाकले होते, आणि वर उपकारही आमच्यावरच.

उन्हाळ्यात आम्ही कुरड्या घातल्या. अंगणात खाटेवर धोतर पसरून वाळवण टाकलेलं. त्या दिवशी नवऱ्याचं दुकान बंद होतं. दुपारी पिठाच्या कोठीवरून एकाएकी पाऊस कोसळला, वीज कडाडली. आत्याबाई पेंगत होत्या. "अगं बाई, कुरड्या!" म्हणत अनवाणी धावल्या, ओल्या कुरड्या ओंजळीने उचलून पदरात भरू लागल्या. वर रखरखीत ऊन. बैठकीच्या दारातून पुरुषांनी ते पाहिलं आणि हसून हसून लोळायचेच बाकी राहिले. सगळ्यात मोठ्यांदा हसला तो त्यांचा लेक. कुरड्यांचा लगदा झाला होता.

तेव्हापासून घरी पाहुणा आला की हा किस्सा ठरलेला. नुसता किस्सा सांगून भागेना. तो तीच सीडी लावायचा, तोच पाऊस पाडायचा, आवाज चढवायचा आणि ओरडायचा, "माय, पाऊस आला वं!" आत्याबाई उठून अंगणात जायच्या, कसंनुसं हसत परत यायच्या. मला ते बघवत नव्हतं. त्या बाईला मी कधी कुणासमोर अशी लाचार पाहिली नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, डबे काढा. तो म्हणाला, "एवढी वायर ओढायला किती तकलीफ झाली, तुला माहीत न्हाई का?"

एके दिवशी लोडशेडिंगमध्ये मी वायर खाली ओढली आणि विळीवर धरून तोडली. तोडलेली टोकं मांडणीमागे सारली. आत्याबाई समोरच तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

आता बोंब होणार म्हणून मी वाट पाहत राहिले. बोंब झालीच नाही. सिनेमे चालू होते, बैठकीत वाहवा चालू होती. आमचे डबे मुके झाले आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला वाटलं, चला, निदान आत्याबाई सुटल्या.

मग औंढ्याला दर्शन करून परतणारे पाहुणे आले. जेवणाआधी किस्सा झाला. सीडी लागली. बैठकीतला मोठा डबा दणाणला आणि हाक आली, "माय, पाऊस आला वं!" आमच्याकडे सगळं शांत होतं. आता त्याची कशी फजिती होते ते बघू, म्हणून मी आत्याबाईंकडे पाहून हसले.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या लगबगीने अंगणात गेल्या. अंगणात काहीच वाळत घातलेलं नव्हतं. तरी त्यांनी वर पाहिलं, वाकून काही गोळा केल्यासारखं केलं. बैठकीत हशा उसळला.

त्या आत आल्या तशी मी त्यांना दारातच अडवलं. "आत्याबाई, आवाज तर आलाच न्हाई. काहून गेलात?"

"पाव्हणे बसलेत, पोरी," त्या म्हणाल्या. "लेकराचं तोंड पडलं असतं."

त्या दिवशी मला नवऱ्यापेक्षा त्यांचाच राग जास्त आला, आणि तो त्या गेल्या तरी गेला नाही. वायर मी पुन्हा जोडली नाही. हाक आली की त्या मात्र शेवटपर्यंत उठत राहिल्या.