मोरचुदात तरंगलेला थेंब

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीचे कॅन अर्धेसुद्धा भरत नव्हते. मी आणि माझी मैत्रीण तेव्हा धारूरला बीएस्सी करत होतो. तिच्या घरी मेंढरं होती. आमच्या घरी ऊस होता, तो त्या वर्षी चारा म्हणून जनावरांपुढे गेला.

कॉलेजात रक्तदान शिबिर भरलं होतं. तिथं निळ्या पाण्यात प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब टाकून बघत होते. बुडाला तर रक्त भरपूर, तरंगला तर कमी. ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण, असं कळल्यावर मैत्रीण म्हणाली, "हे तर खताच्या दुकानात मिळतंय. मग आपल्या बायांनी रक्त तपासायला तालुक्याला कशाला जायचं?"

पाणी नेमकं किती दाट हवं, एवढीच अडचण होती. दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर त्या निळ्या पाण्यात फार वर राहायचा. मैत्रिणीनं सोसायटीतला एक जुना लॅक्टोमीटर मागून आणला, वजन वाढावं म्हणून त्याच्या बुडाशी तांब्याची तार गुंडाळली आणि कॉलेजातल्या तयार द्रावणात सोडून नवी खूण केली. दुकानातला मोरचूद पाण्यात विरघळवत जायचा आणि लॅक्टोमीटर त्या खुणेशी आला की थांबायचं; आमचं यंत्र तयार झालं.

ते घेऊन आम्ही सोसायटीत गेलो. तिथले चेअरमन पैलवानी अंगाचे. म्हणाले, "पोरींनो, ही डेअरी हाय, दवाखाना न्हाई."

"काका, दुधाचं फॅट तपासता," मैत्रीण म्हणाली, "मग दूध आणणारीचं रक्त तपासलं तर काय बिघडलं?"

ते हसले आणि त्यांनी आपलंच बोट पुढं केलं. मी नवी सुई टोचली. थेंब थोडा खाली गेला आणि परत वर आला.

"तुमचं पाणी बिघडलंय," चेअरमन म्हणाले.

मैत्रिणीनं स्वतःचा थेंब टाकला. तो सरळ तळाला गेला. मग मी टाकला, तर माझाही वर आला. माझं तोंडच उतरलं. मैत्रीण मात्र खुशीत होती, कारण यंत्र चालत होतं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आणि मी एकाच जीपमधून सरकारी दवाखान्यात गेलो. मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गुडघेदुखीसाठी चेअरमन कित्येक महिने दुखण्यावरच्या गोळ्या खात होते, त्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात, बरं झालं."

बरे होऊन आल्यावर त्यांनी फॅट मशीनशेजारी आम्हाला टेबल दिलं आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागले, "आधी बोट दाखवा, मग दूध." ज्यांचा थेंब तरंगायचा, त्यांना आम्ही सोसायटीच्या टेम्पोतून दवाखान्यात न्यायचो. एका आजीचा थेंब दगडासारखा बुडाला, तर ती रुसून बसली.

"समद्याजणी चालल्या, मलाच कावून न्हाई?"

मग तिलाही टेम्पोत चढवलं.